कुंडीतल्या गुळवेलीचा काढा रोज किती घ्यावा?

सहा महिन्यांपूर्वी कुंडीत लावलेली गुळवेल काढ्याला चालेल का आणि रोज किती घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. आत्ता नाही चालणार. सहा महिन्यांची वेल सुतळीएवढी असते, काढ्याला बोटाएवढं जून खोड लागतं. जमिनीत, कडुनिंबाच्या बुंध्याशी लावा. पावसाच्या तोंडावर दोन-तीन पेरांचा तुकडा खोचला की झालं. चिवट वेल आहे. मी खुंटीवर टांगून विसरलेल्या तुकड्याला दीड महिन्याने पोपटी पानं फुटली होती आणि दोऱ्यासारखी मुळं लोंबत होती, तीही पाण्याच्या थेंबाशिवाय. संस्कृतात उगीच नाही तिला छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी उगवणारी, म्हणत.

आता 'रोज'चं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या दादाने अख्ख्या घराला काढ्याला लावलं. सकाळी अनशापोटी पेलाभर. मी दोन दिवसांत सोडला आणि 'तुला आपलं काही पटतच नाही' हे ऐकून घेतलं. आई लेकाचा शब्द मोडत नाही. ती चार महिने प्यायली. दिवाळीत म्हणाली, चकलीचा वाससुद्धा नको वाटतो. खिडकीशी नेऊन बघितलं तर डोळे हळदीसारखे. विषाणूंच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'काढा घेता का?' तो बंद केल्यावर कावीळ उतरायला अडीच महिने गेले.

मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरू नका, असं त्यांचं म्हणणं. दादा तेच धरून बसलाय. बरं, दुसरी वेल होती असं धरू. मग ती बाजारातून आणली कोणी?

पानावरून ओळखतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दोघींची पानं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. त्या दुसरीच्या, म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पाच्या, खोडावर चामखिळींसारख्या दाट गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो. गुळवेलीला तसा चीक नसतो. कागदासारखी साल खरवडली की आत हिरवं दिसतं आणि आडवा काप घेतला की गाडीच्या चाकासारखे आरे.

गुळवेलीशी माझं वैर नाही हं. लहानपणी तापात आजीच्या हातचा काढा मीही प्यायलेय, पण चार दिवस, चार महिने नव्हे. किती घ्यायचा ते समोर बसवून तपासणाऱ्या वैद्यांना विचारा, मला नको. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर आणखी खाली जाऊ शकते. यकृताचं दुखणं, गरोदरपण, आमवातासारखा आजार असेल तर स्वतःच्या मनाने घेऊच नका. लघवी गडद झाली, भूक मेली, तर त्याच दिवशी बंद.

गेल्या महिन्यात दादाने माझ्या वेलीचा तुकडा मागितला. कुंडीत लावायला, म्हणाला. दिला. आईला तेवढं सांगून ठेवलंय.