जुळे, भगिनी की सोयरे?

'सिस्टर सिटी'ला, म्हणजे करार करून नाते जोडलेल्या परदेशी शहराला, मराठीत 'जुळे शहर' म्हणावे की 'भगिनी शहर', असे एका वाचकाने विचारले आहे. पुण्यात 'आपले जुळे शहर सॅन होजे' हा प्रयोग इतक्या वेळा कानी पडतो की आधी त्याचाच निकाल लावतो: तो चुकीचा आहे. संस्कृत 'युगल', प्राकृत 'जुअल' यांवरून आलेल्या 'जुळे' या शब्दात एकत्र जन्मलेली किंवा एकमेकांना लागून असलेली जोडी अभिप्रेत असते. हैदराबाद आणि सिकंदराबाद ही जुळी शहरे होत. अमेरिकेतील सॅन होजेशी पुण्याचे नाते १९९२ मध्ये ठरवून जोडलेले आहे.

'भगिनी' हा अमेरिकी शब्दाचा निव्वळ अनुवाद आहे आणि तो अटळ मानणाऱ्या परिभाषाकारांशी माझे मुळीच पटत नाही. रशियन भाषेत अशा शहराला शपथेने झालेला भाऊ म्हणतात, तर जर्मनमध्ये भागीदार शहर. जपानी शब्दात थोरली आणि धाकटी बहीण अशी दोन अक्षरे आहेत. १९७३ मध्ये जपानमधील कोबे आणि चीनमधील तिआंजिन यांचे नाते जुळले तेव्हा चीनने मात्र 'मैत्री' हाच शब्द ठेवला.

आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'सोयरा'. माझ्या मते तो संस्कृत 'सोदर', प्राकृत 'सोअर' यांपासून आला. 'सोदर' म्हणजे एकाच उदरातून जन्मलेला. पण मराठीत येईपर्यंत हा शब्द रक्त सोडून संबंधाकडे वळला, आणि 'सगेसोयरे' म्हणताना सगा रक्ताचा, तर सोयरा लग्नसंबंधाने जोडलेला, असा भेद आपण सहज करतो. परक्याला सख्ख्या भावाचा शब्द देऊन टाकणारी ही अर्थाची वाटचाल मला विलक्षण सुंदर वाटते. १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री आणि रशियातील स्टालिनग्राड या शहरांनी जोडलेले नाते याच जातीचे होते.

जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यावर उभारलेल्या उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात, तेही योग्यच आहे. परंतु मैत्री दोघांपुरतीही राहू शकते, सोयरीक मात्र दोन्हीकडचा सारा गोतावळा जोडते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये शहरांची नाती जोडण्याची ही चळवळ पुढे नेली तीही सरकारांइतकाच सामान्य नागरिकांचा परस्परसंबंध वाढावा म्हणून. व्याकरणाचीही अडचण नाही: एकवचनी 'सोयरे शहर', अनेकवचनी 'सोयरी शहरे'.