लिनक्स ड्रायव्हरमध्ये के-मॅलॉक (कर्नलकडून मेमरी मागायचं फंक्शन) हळू पडतोय. स्वतःचा मेमरी पूल (आधीच राखून ठेवलेल्या मेमरीचा साठा) लिहावा का?

नका लिहू. निदान पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सचं टूल) लावून बघितल्याशिवाय तरी नका.

तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत म्हणून लिहितोय. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका कंपनीत नेटवर्क ड्रायव्हरवर होतो. आमच्या लीडचं ठाम मत, "के-मॅलॉक स्लो आहे." म्हणून त्यांनी स्वतःचा पूल लिहिला होता. एक लिंक्ड लिस्ट, तिला एक स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोर जागच्या जागी वाट बघत बसतो असं कुलूप), आणि सगळ्या कोरनी त्याच खिडकीवर रांग लावायची. चार कोरच्या टेस्ट मशीनवर झकास. क्लायंटकडे ३२ कोरचा सर्व्हर आला आणि थ्रूपुट (दर सेकंदाला होणारं काम) वाढायच्या ऐवजी घसरलं. पर्फमध्ये सगळ्यात वर काय, तर स्पिनलॉकची वाट बघणं. मीटिंगमध्ये दाखवलं तर म्हणाले, "हार्डवेअरचा इश्यू असेल. तू अजून नवीन आहेस."

एका रात्री बसून पूल उपटला, साधा के-मॅलॉक लावला. रांग संपली. के-मॅलॉकच्या मागे काम करणारा स्लब (SLUB) हा अॅलोकेटर प्रत्येक कोरला आपापला साठा देतो, नेहमीच्या वाटेवर लॉक घेतच नाही. जेफ बॉनविक या सनच्या इंजिनिअरने स्लॅबची कल्पना (एकाच मापाचे तुकडे आधीच पाडून ठेवायचे) १९९४ मध्ये सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टमसाठी मांडली आणि २००१ मध्ये तिला दर-सीपीयू मॅगझिन्स, म्हणजे प्रत्येक कोरचे आपापले साठे, जोडली. म्हणजे आमचे साहेब सुटलेलं गणित चुकीचं सोडवत होते!

मग आमचं स्ट्रक्चर (ज्यासाठी दर वेळी मेमरी मागायचो तो डेटा) बघितलं. ५२० बाइट. के-मॅलॉक ठरावीक मापाच्या डब्यांतच मेमरी देतो, ५१२ नंतर थेट १०२४चा डबा, म्हणजे ५०४ बाइट दर वेळी वाया. केमेम-कॅश-क्रिएट या कर्नल फंक्शनने नेमक्या आमच्या मापाचा वेगळा कॅश केला, तर ८१९२ बाइटमध्ये ८च्या जागी १५ बसले. तुम्हीही आधी हेच बघा: प्रोक-मधलं स्लॅबइन्फो (/proc/slabinfo, डब्यांचा हिशोब देणारी फाइल) उघडा, कुठला डबा फुगलाय ते शोधा. आमच्यासारख्या ५२० बाइटच्या स्ट्रक्चरमधून आठ बाइट कमी करता आले तर कॅशचीही गरज नाही.

पण 'स्लो' हे आलं कुठून? साहेबांनी मोजणी केली होती ती कासान (KASAN, मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू असलेल्या डीबग कर्नलवर. त्यात प्रत्येक अॅलोकेशनवर आणि मेमरीच्या वापरावर पहारा असतो, हळू पडणारच की. हे मला नंतर जुन्या बिल्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडलं. माझा पॅच गेला, पण कमिट मेसेजमध्ये 'मायनर क्लीनअप' लिहायला लावून.



आणि हो, पूल कधीच नको असं नाही. ब्लॉक आयओच्या (डिस्कवर वाचणं-लिहिणं) वाटेवर मेमरी संपली तरी काम पुढे सरकायलाच हवं, तिथे मेमपूल (अडचणीसाठी राखून ठेवलेला साठा) लागतो. नेटवर्कच्या रिसीव्ह बाजूला पेज-पूल आहे, मेमरीची पानं (पेजेस) परत वापरतो, आणि चांगला आहे. पण ते दोन्ही कर्नलमध्ये आयते आहेत. साहेबांचा नव्हता.