जिलेटिनच्या ठोकळ्यात तासगावची द्राक्षं

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत भूलशास्त्राचं शिक्षण घेतोय. सोनोग्राफीत बघत सुई घालायचा सराव व्हावा म्हणून आम्ही मित्रांनी डब्यात जिलेटिन लावलं, आत तासगावची द्राक्षं ठेवली. पडद्यावर सगळंच काळं! विकतचा फँटम (सरावासाठी आणि यंत्र तपासण्यासाठीचा तयार ठोकळा) परवडत नाही. काय चुकलं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : माझी पहिली सुई थेट एका बाईच्या मानेतल्या गाठीत गेली. तिने कॉटची कड किती घट्ट धरली होती, ते अजून आठवतं. म्हणून तुमची ही धडपड मला फार मोलाची वाटते.

नुसत्या जिलेटिनमध्ये ध्वनी विखुरणारं काही नसतं, म्हणून ते पाण्यासारखं काळं दिसतं. यकृताचा तो करडा, रवाळ पोत आतल्या सूक्ष्म रचनांमुळे येतो. तुमच्यासाठी ते काम इसबगोल करेल. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम जिलेटिन आणि दोन-तीन चमचे इसबगोलाची बारीक पूड घ्या. कोमट होईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर पूड तळाला बसते. वरचा फेस काढून टाका. हवेचा एक बुडबुडासुद्धा पांढरा चमकतो आणि खाली सावली पाडतो. निम्मं ओतून घट्ट झालं की द्राक्षं ठेवा, मग उरलेलं कोमट असतानाच ओता. करड्यात काळा गोल उठून दिसेल.

सांगलीच्या एप्रिलात जिलेटिन टेबलावर टिकणार नाही, फ्रिजमध्येच ठेवा. सुयांची भोकं फार झाली की द्राक्षं काढून वितळवा, पुन्हा लावा. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. कुणाला ते चालत नसेल तर चायना ग्रास वापरा. ते उन्हाळ्यात वितळत नाही, पण ठिसूळ असतं आणि सुईची वाट त्यात तशीच राहते.

एक मात्र बजावते. या ठोकळ्यावर यंत्राची मापं तपासू नका. यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून खोली काढतं. तुमच्या ठोकळ्यात तो वेगळा असू शकतो. उदाहरणार्थ, २० अंशांच्या पाण्यात तो सुमारे १४८० असतो, म्हणजे पाच सेंटिमीटरवरची वस्तू ५.२ वर दिसते. विकतच्या फँटममधलं द्रव्य या वेगाशी जुळवलेलं असतं, आतल्या तारांची अंतरं मोजून बसवलेली असतात. तपासणीला तोच हवा.

आणि ठोकळा नोंदणी झालेल्या केंद्रातल्या यंत्राकडे न्या. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे यंत्र खोलीवर आणता येत नाही. तिथे सराव करताना चमकणारा ठिपका सुईचं टोक आहे की मधला दांडा, हे प्रोब (यंत्राचा हातात धरून टेकवायचा भाग) किंचित तिरका करून पाहा. टोक सापडल्याशिवाय सुई पुढे सरकवू नका.