जुना ट्रक स्वतः उभा करायचाय : खर्च भरून निघेल का?

प्रश्न : 1950च्या दशकातला एक छोटा मालवाहू ट्रक मला मिळतो आहे. इंजिन जाम आहे, केबिनला गंज चढलाय, हौद्याच्या फळ्या कुजल्यात. मला पाने चालवता येतात, पण वेल्डिंग कधी केलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी काम करून हा ट्रक मूळ रूपात आणायचा विचार आहे. घरचे म्हणतात, एवढ्या पैशांत तयार केलेला घे. घातलेला पैसा निघेल का? इंजिनाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

उत्तर : पैसा निघणार नाही. तेवढं आधी पचवा, मग पुढचं बोलू. विकायला काढाल तेव्हा घेणारा ट्रकची किंमत देईल, तुमच्या सुट्ट्यांची देणार नाही. घरच्यांचा हिशेब बरोबर आहे : तयार गाडी स्वस्त पडते, कारण तिच्यावरचा तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. नुसता ट्रक फिरवायची हौस असेल तर तयारच घ्या. हात काळे करायची हौस असेल तर पुढे वाचा.

जाम इंजिनाला सगळे घाबरतात. मी त्याला फार मोजत नाही. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि काही दिवस तिकडे फिरकू नका. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करून बघा. सेल मारून सोडवायच्या भानगडीत पडू नका. अडकलेली रिंग तुटते, चिकटलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. नाहीच सुटलं तर बोअर, रिंगा, बेअरिंग यांचा खर्च लेथवाला इंजिन खोलून, मापं घेऊन सांगू शकतो. म्हणजे आकडा कळतो, आणि कळलेल्या आकड्याची भीती कमी असते. अपवाद एक. शेवरोलेचं 216 घन इंचांचं जुनं सहा सिलेंडरचं इंजिन असेल, तर त्यात रॉडचं बेअरिंग म्हणजे थेट रॉडमध्येच ओतलेला बॅबिट नावाचा मऊ धातू असतो. बेअरिंगच्या तयार वाट्या, म्हणजे शेल, आणून बसवले असं तिथे होत नाही, आणि हे काम जाणणारे कारागीर आता शोधावे लागतात.

पैसा खातो तो पत्रा. ट्रक बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी खाली वाका. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाज्याखालची पट्टी, पाय ठेवतो ती जमीन, आणि केबिन चॅसिसवर जिथे टेकते ते माउंट बघा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, मालकाचं तोंड वाकडं झालं तरी. वरून बोटाएवढा फुगवटा दिसतो आणि कापायला घेतलं की तळहाताएवढा तुकडा जातो, कारण वेल्ड धरेल असा निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे सरकत जावं लागतं. तिथेच चॅसिस नंबर कागदाशी जुळतोय का तेही बघून घ्या.

वेल्डिंग शिकता येतं, पण आधी भंगार पत्र्यावर हात बसवा. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढला की पत्रा वाकतो. एकमेकांपासून लांब असे छोटे टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधल्या जागा भरायच्या. केबिनची जमीन कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीला आतून आडव्या पट्ट्या जोडून घ्या. नाहीतर चौकट सरकते आणि नवी जमीन बसल्यावर दरवाजा लागत नाही. घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं हे सगळं स्वतः करा. रंगकामाच्या बिलात मजुरीच जास्त असते. शेवटचा हात मात्र रंगाऱ्याकडून मारून घ्या. टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक आहे आणि त्याच्यापुढे कापडी मास्क काही कामाचा नाही.

यानंतर येतात चिल्लर खर्च, आणि बजेट मोडतं ते यांच्यामुळेच. ग्राइंडरच्या चकत्या, काचपेपर, थिनर, दरवाज्यांची रबरं, काचेच्या खोबणीतलं फेल्ट, सोडवताना तुटलेले बोल्ट. त्यातही जे हरवलंय ते सगळ्यात महाग. दिव्याची रिंग, जाळी, दरवाज्याची मूठ यांच्यासाठी महिनोन्महिने काम अडतं. म्हणून स्वस्तातला अर्धवट ट्रक आणि महागातला पूर्ण ट्रक समोर असेल, तर माझं मत डोळे मिटून महागातल्याला.

सुरुवात ब्रेकपासून करा. त्या काळच्या गाड्यांत मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असतो. एक व्हील सिलेंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वायरिंग सहा व्होल्टचं असेल तर स्टार्टरला त्याच ताकदीसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. बारीक केबल घातली की सेल मरगळतो आणि लोक उगाच स्टार्टर बदलत बसतात. काही गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, बॅटरी बसवण्याआधी ते तपासा.

आणि सगळा ट्रक एकदम खोलू नका. एक भाग खोला, फोटो काढा, पिशवीत घालून चिठ्ठी लावा, दुरुस्त करा, जोडा, मग पुढचा. सगळं सुटं करून ठेवलेले ट्रक बहुधा खोक्यांतच विकले जातात.

समाधानाचं विचारलं नाहीत, पण पत्राचा रोख तोच दिसतो. त्यासाठी ट्रक पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. टेबलावर कार्ब्युरेटर खोलून जेट साफ केले, नवं गॅस्केट घातलं आणि इंजिन आयडलला एका सुरात बसलं, तो दिवस. बिजागरीखाली पातळ पट्टी सरकवल्यावर दरवाजा पहिल्यांदा नुसत्या बोटाने लागला, तो दिवस. या गाड्यांत काहीच झाकलेलं नसतं. ठिणगीसाठी पॉइंट, कॉइल, कंडेन्सर. बिघाड कुठे आहे ते टेस्ट लॅम्प घेऊन स्वतः शोधता येतं. मला तरी याच्याइतकं सुख तयार गाडीने कधी दिलं नाही.

प्रश्न : उभ्याच राहणाऱ्या जुन्या गाडीत सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घालावं का? नेहमीच्यावरच भर घातली तर चालेल?

उत्तर : सिलिकॉनचं म्हणजे डॉट 5. ते हवेतलं पाणी शोषत नाही, रंगावर सांडलं तरी रंग जात नाही, म्हणून उभ्या गाडीला सोयीचं. पण नेहमीच्या, ग्लायकॉलच्या डॉट 3 आणि 4 मध्ये ते मिसळत नाही, त्यामुळे भर घालायची नाही. पाइप धुऊन, रबरं बदलून, रिकाम्या सिस्टिममध्येच भरा. आणि दुकानात नीट वाचून घ्या : डॉट 5.1 हे नाव सारखं असलं तरी ते ग्लायकॉलचंच आहे.