एका पगारावर पहिलं घर: भीती कशाची, हिशेब कशाचा

"मला काही झालं तर हप्ता कोण भरणार?"

पहिलं घर घ्यायला निघालेल्या एकट्या आयांकडून हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात इतक्यांदा ऐकला आहे की एकदा त्यावर सविस्तर लिहावं असं ठरवलं. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठेही राहणाऱ्या, घटस्फोट झालेल्या, नवरा गमावलेल्या, क्वचित एकट्यानं मूल वाढवणारे बाबाही, प्रश्न तोच. नातेवाइकांकडे त्याची दोनच उत्तरं असतात. "घे गं, होतं सगळं" किंवा "कशाला एवढा व्याप?" दोन्ही बिनकामाची, कारण देणाऱ्याला आकडे ठाऊक नसतात.

पुढची हकिगत एका बाईंची म्हणून सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि त्यात आणखी काही जणींचे प्रसंग मिसळले आहेत.

वय ३८, मुलगी आठवीत, घटस्फोट होऊन तीन वर्षं झालेली. नोकरी ऐरोलीत, अकाउंट्समध्ये; हातात ८२ हजार. राहायला कोपरीत, भाडं २२ हजार, आणि दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना मालकाचा सूर बदललेला. गाठीला २४ लाख. वर्षभर घरं बघून झाली होती. दोनदा टोकन द्यायची वेळ आली, दोन्ही वेळा आदल्या रात्री छातीत धडधड आणि सकाळी एजंटला "सध्या नको" असा मेसेज. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी चांगला आला, म्हणून माझ्याकडे.

समोर तीन घरं होती. घोडबंदर रोडला बांधकाम चालू असलेला टू बीएचके, ८८ लाख. खारेगावात २२ वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेलचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५२ लाख. आणि घणसोलीच्या गावठाणातला ३० लाखांचा फ्लॅट, ज्याचा करार नोटरीवर होणार होता.

तिसऱ्याचा निकाल लवकर लागला. नोटरीच्या कागदानं घर आपलं होत नाही. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. गावठाणातल्या अशा पुष्कळ इमारतींना बांधकामाची परवानगी नसते, त्यामुळे बँक कर्ज देत नाही. मग सगळी पुंजी त्यात घालायची आणि पालिकेची नोटीस येईल का याची वाट बघायची. एकटीचा पगार असणाऱ्यांना स्वस्त घराचा मोह जास्त होतो, आणि ते फसलं तर सावरायला दुसरा पगारही नसतो.

मग त्या मूळ प्रश्नाकडे वळलो.

"काही झालं तर म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे... काहीही."

"काहीहीची तजवीज करता येत नाही. तीन ओळी लिहा. नोकरी गेली तर. आजारी पडलात तर. मेलात तर."

शेवटच्या शब्दाला त्या दचकल्या. मी तो मुद्दाम वापरते. गोल बोलून भीती कमी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

तिन्ही ओळींपुढे रक्कम मांडता येते. नोकरी गेली तर: हप्ता आणि घरखर्च मिळून निदान पाच-सहा महिन्यांची रक्कम वेगळी हवी, आणि ती घराच्या खरेदीत चुकूनही वापरायची नाही. आजारी पडलात तर: ऑफिसच्या विम्याखेरीज स्वतःची आरोग्य पॉलिसी, कारण नोकरीबरोबर ऑफिसचा विमाही जातो. मेलात तर: साधा टर्म इन्शुरन्स, कर्जाच्या रकमेहून बराच मोठा, त्यांनी ७५ लाखांचा घेतला. कर्ज देताना बँक एक विमा पुढे करते, त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवते आणि बऱ्याचदा कर्ज उतरेल तसं त्याचं कव्हरही उतरतं. तो घेणं सक्तीचं नाही. पोटगी मिळत असेल तर ती हप्त्याच्या गणितात धरायची नाही. आली तर मुलीच्या शिक्षणाच्या खात्यात जाऊ दे.

यानंतर खारेगावच्या घराचा पूर्ण हिशेब त्यांनीच मांडला. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण मिळतंय तेवढं सगळं घ्यायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. कर्ज ३८ लाख. साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये, म्हणजे हप्ता ३३ हजार, पगाराच्या चाळीस टक्के. पदरचे १४ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के, ३ लाख १२ हजार. नोंदणी ३० हजार. दलाली एक टक्का, ५२ हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार, याहून जास्त सोसायटीला मागता येत नाही. बँकेची फी, वकील, किरकोळ मिळून ३५ हजार. रंग, नळ, वायरिंग आणि सामान हलवणं, २ लाख. एकूण साडेवीस लाखांच्या आसपास. हातात उरले जवळपास साडेतीन लाख, म्हणजे महिना ६३ हजारांच्या खर्चानं साडेपाच महिने.

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. वीस टक्के साठले की घर झालं असं वाटतं. पण मुद्रांक आणि नोंदणीसाठी बँक कर्ज धरत नाही, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत मुलाच्या नावची एफडी मोडावी लागते.

आकडे पटले तरी शरीर पटवून घेत नाही, म्हणून मी एक काम दिलं. हप्ता आणि मेन्टेनन्स मिळून ३५ हजार पाचशे, भाडं २२ हजार. फरक साडेतेरा हजार. दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि उरलेल्यात घर चालवायचं. तीन महिने जमलं. जूनमध्ये शाळेची फी आली आणि चार हजार परत काढावे लागले. त्या फार ओशाळल्या होत्या, मला मात्र आनंद झाला. जून महिना अवघड जाणार हे घर घेण्याआधीच कळलं. आता फीसाठी जानेवारीपासून बाजूला टाकायचं, एवढंच. मी धीर देण्यापेक्षा अशी कामं देते. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर आहे आणि त्यातलं हे मला सगळ्यात पटलेलं आहे: माणूस समजूत घातल्यानं जेवढा बदलतो, त्याहून जास्त करून बघितल्यानं बदलतो.

एवढं झाल्यावर खारेगावचं घर ठरायला हवं होतं. ठरेना. घोडबंदरचं माहितीपत्रक पर्समधून बाहेर पडत नव्हतं.

ते गणित तर उघडच बसत नव्हतं. बँकेची मर्यादा इथेही ८० टक्केच; पण ८८ लाखांच्या घराला ६६ लाख कर्ज मागितलं तरी हप्ता ५७ हजार. पदरचे २२ लाख, बांधकाम चालू असल्यानं ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख ४० हजार, वर मुद्रांक. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि व्याज दोन्ही. एजंटनं सुचवलं होतं, भावाला सहकर्जदार करा. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. म्हणूनच मी हिशेब बाजूला ठेवला.

"टू बीएचकेच का?"

"मुलीला खोली हवी ना, मॅडम. मोठी होतेय."

"तिनं मागितली?"

"नाही. पण तिकडे आहे तिला स्वतःची. दर पंधरा दिवसांनी जाते बाबांकडे. इकडे मी तिला हॉलमध्ये झोपवणार?"

"खोली नसली तर ती काय म्हणेल?"

"काही म्हणणार नाही. कधीच काही म्हणत नाही."

"मग कोण म्हणणार आहे?"

बराच वेळ गेला. अशा वेळी पुढचा प्रश्न ओठांवर येतो, पण तो विचारायचा नसतो.

"घटस्फोट मी मागितला होता," त्या म्हणाल्या. "तिचं घर मी मोडलं."

नंतर, सवयीनं, वहीकडे बघत: "अठ्ठ्याऐंशी वजा बावन्न. छत्तीस लाख. मी स्वतःला छत्तीस लाखांचा दंड लावलाय."

हे वाक्य त्यांचं आहे. मी म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक माहितीपत्रक आणलं असतं. त्या दिवशी मात्र त्या आधी हसल्या, मग रडल्या, आणि जाताना ते माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

या कामात मला जे उमगलं ते इथे मांडते. एकट्या पालकाचं पहिलं घर हे नुसतं घर राहत नाही. त्यावर भलतीच कामं लादली जातात: सासरच्यांना दाखवायचं, माहेरी सिद्ध करायचं, मुलाची भरपाई करायची. यातलं एकही काम घर करू शकत नाही, आणि आतून आपल्याला ते माहीत असतं. सहीच्या आदल्या रात्रीची धडधड बरेचदा हप्त्याची नसतेच. अपराधी वाटू नका, असं मी त्यांना म्हटलं नाही. वाटत असेल तर वाटू दे, त्यावर वेगळं काम करू. फक्त ते चौरस फुटांत फेडायचं नाही.

पुढची पायरी मुलीशी बोलण्याची. "घेऊ का?" असं मुलाला विचारू नये, तो भार त्याचा नाही. "आपण घेतोय, तिथे काय काय असेल, काय नसेल" असं सांगावं आणि एक खरा निर्णय त्याच्यावर सोपवावा. मुलीनं सगळं ऐकून एकच विचारलं, शाळा बदलणार का? खारेगावजवळच्या कळव्याहून ठाणं एकच स्टेशन, शाळा तीच राहणार होती. बेडरूम मुलीला आणि आई हॉलमध्ये, असं दोघींनी ठरवलं. कपाट कुठे ठेवायचं ते मुलीनं. आईचा त्याग वगैरे म्हणून मी ते डोक्यावर घेतलं नाही. दहावी-बारावी होईपर्यंतची सोय, एवढंच.

भावाचं नाव हा पुढचा अडसर. "दादा म्हणतो, त्याचं नाव असलं की बँकेत वजन पडतं." फक्त महिलांच्या नावावर घर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भावाचं नाव आलं की ती गेली. ५२ लाखांवर ५२ हजार. सहकर्जदाराला सहमालक करायलाच हवं असंही नाही. आईचं नाव लावलं तर सवलत टिकते, पण आईच्या पश्चात तिचा हिस्सा, मृत्युपत्र नसेल तर, सगळ्या भावंडांत जातो. दादांना त्यांनी काय सांगितलं? "नाव नको, पण ताब्याच्या दिवशी किल्ली घ्यायला तू चल." ते मला आवडलं.

घर थेट मुलाच्या नावावर करण्याचा विचारही पुष्कळजणी करतात. करू नये. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावरचं घर विकायला न्यायालयाची परवानगी लागते, बँकही कर्जाला तयार होत नाही. घर स्वतःच्या नावावर, सोसायटीत नामनिर्देशन, आणि जोडीला मृत्युपत्र. नुसतं नामनिर्देशन पुरत नाही, त्यानं मालकी ठरत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत मालमत्ता कोण सांभाळणार ते त्यात लिहून ठेवायचं, नाहीतर अ.पा.क. (अज्ञान मुलाचा पालनकर्ता) म्हणून साहजिकच वडिलांचं नाव पुढे येतं. आणि ज्या वेगळ्या राहतात पण कायदेशीर घटस्फोट झालेला नाही, त्यांनी तर हे आधी करावं: हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्राविना गेलेल्या विवाहितेच्या घरात मुलांबरोबर नवऱ्याचाही हिस्सा असतो.

टोकनआधी बँकेची कर्जमंजुरी हातात असावी, आणि टोकनच्या पावतीवर "या घरासाठी कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" हे वाक्य. बँकेचं मूल्यांकन सौद्याच्या किमतीहून कमी निघतं तेव्हा हेच वाक्य वाचवतं. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), आधीच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला वकिलाला दाखवायचा. इमारत १५ वर्षांच्या पुढची असेल तर संरचना तपासणीचा शेवटचा अहवाल मागायचा; उपविधींनुसार ३० वर्षांपर्यंत ती दर पाच वर्षांनी व्हायला हवी. मालक काही रक्कम रोखीनं मागेल. तेवढ्यावर कर्ज मिळत नाही आणि वाद झाला तर पुरावा नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर मालकाला देण्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा असतो. इथे ५२ हजार. मालक परदेशी राहत असेल तर दर वेगळा आणि बराच जास्त, तेव्हा सीए गाठावा.

नोंदणी झाली त्या रात्री त्यांचा फोन आला.

"मॅडम, परत धडधडतंय."

"कुठल्या ओळीची?"

"कुठलीच नाही. तिन्ही बघितल्या. नुसतंच."

"मग धडधडू दे. उद्या ऑफिसला जा."

सहीनंतरचे आठ-दहा दिवस झोप उडणं, सारखा हप्ता मोजणं हे पुष्कळांना होतं. त्या दिवसांत घर विकायचा किंवा सोनं मोडून कर्ज फेडायचा निर्णय घेऊ नये. व्याजदर बदलता असेल तर कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही, घाई कशाला? पंधरवडा उलटूनही झोप लागत नसेल, कामावर जावंसं वाटत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मात्र थांबू नये. डॉक्टरांकडे जावं, नाहीतर सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.