जुन्या विमानांच्या कामात मुलाला पाठवावं का?

प्रश्न : मुलगा नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला ओझरच्या विमान कारखान्यात अप्रेंटिसशिप करायची आहे. घरचे म्हणतात, मिग बंद झालं, आता जुनी विमानं दुरुस्त करायला शिकून काय मिळणार? पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरचा कोर्स कर. काय करावं?
– एक आई, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, मिग-२१ या लढाऊ विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला, हे खरं. पण १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान इतकी वर्षं टिकलं कसं, हेही घरच्यांना सांगा. १९९६ मध्ये १२५ मिग-२१ अद्ययावत करायचा करार झाला, त्यातून ‘बायसन’ तयार झालं. ते काम बहुतेक ओझरलाच झालं.

यातली खरी मेख जागेची असते. मिग-२१ चं नाक म्हणजे इंजिनाला हवा घेणारं तोंड. त्याच्या मधोमध जो सुळका दिसतो, त्याच्या पोटात रडार. नवं रडार कितीही चांगलं असो, ते त्या सुळक्यात मावलं पाहिजे. मावलं, तर वीज पुरते का? तापलं, तर थंड कसं करायचं? नाक जड झालं, तर विमानाचा तोल राहतो का? एक डबा बदलायला घेतला की दहा ठिकाणी हात घालावा लागतो.

जग्वार हे लढाऊ विमानही तसंच. १९७९ पासून आपल्याकडे आहे. नवं रडार, नवा कॉकपिट मिळाला, पण इंजिन बदलायचा बेत खर्चामुळे २०१९ मध्ये सोडून द्यावा लागला. ब्रिटन आणि फ्रान्सने आपली जग्वार कधीच मोडीत काढली, त्यामुळे सुटे भाग मिळवणं हीच एक लढाई आहे. एएन-३२ मालवाहू विमानं अद्ययावत करायचं काम तर युक्रेनकडे होतं. १०५ पैकी ४० तिकडे झाली, बाकीची कानपूरला व्हायची होती. २०१४ चा रशिया-युक्रेन संघर्ष पेटला आणि सुटे भाग अडले. असं झालं की इथल्या माणसाच्या हाताला किंमत येते.

माझा एक जुना विद्यार्थी या कामात आहे. त्याने एकदा सरावासाठी ठेवलेला वायरचा जुडगा दाखवला. मनगटाएवढा जाड, थोड्या थोड्या अंतरावर दोऱ्याने घट्ट बांधलेला. वाकवला की वायरच्या आवरणावर केसासारखे तडे दिसत होते, टॅगवरचे आकडे पुसट झाले होते. तो मीटर लावून एकेक वायर शोधत होता. मध्येच म्हणाला, ‘सर, ड्रॉइंगमध्ये एक असतं आणि विमानात दुसरंच निघतं.’ तीस वर्षांत किती जणांचे हात लागलेले असतात! हे कौशल्य कुठल्याही कोर्सच्या पीडीएफमधून येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : जाऊ द्या त्याला. २००२ मध्ये लोहगावला आलेली सुखोई-३० आता अद्ययावत करण्याची तयारी चालू आहे, आणि ओझरला तेजसही बनू लागलं आहे. मात्र एक लक्षात ठेवा, अप्रेंटिसशिप म्हणजे पक्की नोकरी नव्हे, आणि विद्यावेतनही बेताचंच असतं. वर्षभरात त्याने ड्रॉइंग वाचणं, क्रिंपिंग (वायरच्या टोकाला जोड दाबून बसवणं) आणि विमानातली १५५३ डेटा बस (उपकरणांना एकमेकांशी माहिती देता-घेता येणारी वायरिंगची पद्धत) शिकावी, संध्याकाळी सी प्रोग्रामिंग करावं. म्हणजे सॉफ्टवेअरही सुटत नाही. नंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. विमान देखभालीच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्या खासगी संस्थांकडे मात्र सध्या जाऊ नका. त्या ज्या परवान्याची तयारी करून घेतात तो नागरी विमानांचा, वाटच वेगळी.

आणि एक करा. येत्या रविवारी घरातला बंद पडलेला रेडिओ त्याच्या हातात द्या. दुरुस्त झाला नाही तरी चालेल. बिघाड शोधताना त्याने काय काय तपासलं, ते त्याच्याच अक्षरात मला लिहून पाठवा.