वाकू या मधल्या सर्व्हरशिवाय संदेश पोचवणाऱ्या जाळ्यातला माझा नोड (जाळ्यात सामील होणारा प्रोग्रॅम) चालू दिसतो, पण संदेश कधी येतात, कधी येत नाहीत. नोड बांधणं, चालवणं आणि त्यावर लक्ष ठेवणं नीट कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की प्रोसेस चालू आहे, लॉगमध्ये एरर नाही, पीअरही (जोडलेले इतर नोड) पंचवीसच्या आसपास दिसतात. मीही यातच अडकलो होतो, म्हणून आधी ठासून सांगतो: प्रोसेस चालू असणं वेगळं आणि नोड जाळ्यात सामील असणं वेगळं.

बांधणीत फारसं काही अडत नाही. एनवाकू (वाकूचा नोड चालवणारं सॉफ्टवेअर) निम या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय आणि निमचा कोड आधी सी मध्ये उतरतो, त्यामुळे गिट, मेक आणि सी कंपायलर लागतात. पहिल्या खेपेला निमचा कंपायलरही तिथेच तयार होतो, म्हणून वेळ लागतो. छोट्या मशीनवर मध्येच ‘किल्ड’ एवढंच येऊन काम थांबलं तर मेमरी कमी पडली असं समजा आणि एकाच वेळी चालणारी कामं कमी करा. घाई असेल तर डॉकरची तयार इमेज (आधीच बांधून दिलेलं पॅकेज) वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

आता तुमचे पंचवीस पीअर. वाकूचा रिले, म्हणजे संदेश पुढे फिरवणारा भाग, गॉसिपसब या संदेश पसरवण्याच्या पद्धतीवर चालतो. जोडलेल्या प्रत्येक पीअरकडून पूर्ण संदेश येत नाहीत. दर टॉपिकला (संदेशांच्या प्रवाहाला) नोड मोजक्या पीअरची ‘मेश’ करतो आणि पूर्ण संदेश मुख्यतः तिथूनच फिरतात. बाकीच्यांकडून फक्त ‘माझ्याकडे हे हे संदेश आहेत’ अशी खबर मिळते. गॉसिपसबच्या तपशिलात मेशचं लक्ष्य ६ पीअर आहे. संख्या ४ च्या खाली गेली की नोड नवे पीअर घेतो, १२ च्या वर गेली की काही सोडतो. हा हिशेब साधारण दर सेकंदाला होतो. म्हणजे पीअर २५ आणि तुमच्या टॉपिकची मेश शून्य, हे अगदी शक्य आहे. असं दिसलं तर आधी शार्ड तपासा. शार्ड म्हणजे जाळ्यातल्या वाहतुकीचा एक भाग, आणि प्रत्येक शार्डचा स्वतःचा टॉपिक असतो. तुमचं ॲप ज्या शार्डवर संदेश टाकतं, त्याच शार्डला नोडने सबस्क्राइब केलेलं असायला हवं. क्लस्टरचा (शार्डांच्या गटाचा, म्हणजे कोणतं जाळं त्याचा) आकडा चुकला तर पीअर टिकतच नाहीत, त्यामुळे ती चूक लवकर कळते. शार्डची चूक मात्र गुपचूप राहते.

दुसरं कारण पत्त्याचं, आणि मला हेच नडलं. राउटरमागच्या माझ्या मशीनने १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी आयपीच जगाला स्वतःचा पत्ता म्हणून सांगितला होता. बाहेर जाणाऱ्या जोडण्या होत होत्या, म्हणून आकडा छान दिसायचा. आत येणारी जोडणी एकही नव्हती. माझ्याच दुसऱ्या मशीनवरून जोडायला गेलो तेव्हा ते लक्षात आलं. नोड सुरू होताना लॉगमध्ये जो पत्ता छापतो तो डोळ्यांनी वाचा. टीसीपी ६०००० आणि यूडीपी ९००० हे नेहमीचे पोर्ट राउटरवर उघडा. यूडीपीचा विसर पडतो, पण नवे पीअर शोधण्याचं काम त्यावरच चालतं. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो सेवादात्याने अनेकांत वाटलेला आहे. तिथे पोर्ट उघडून उपयोग नाही, सार्वजनिक आयपी असलेला सर्व्हर घ्या. ८६४५ चा रेस्ट पोर्ट (ज्यावरून नोडला आज्ञा देता येतात) मात्र बाहेर उघडू नका.

नोडची खाजगी की (ज्यावरून त्याची ओळख ठरते ती गुप्त किल्ली) स्वतः तयार करून जपून ठेवा. ती दिली नाही तर दर वेळी नोड नवी ओळख घेऊन उठतो आणि ज्यांनी तुमचा जुना पत्ता लिहून ठेवलाय त्यांना तुम्ही सापडत नाही. नोड बंद असताना गेलेले संदेशही रिले पुन्हा देत नाही. ते स्टोअर (जुने संदेश साठवण्याची सेवा) चालवणाऱ्या नोडकडून मागून घ्यावे लागतात. स्वतः स्टोअर चालवणार असाल तर किती दिवसांचे किंवा किती आकाराचे संदेश ठेवायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर डिस्क भरते.

लक्ष ठेवण्यासाठी नोडचे आकडे देणारा मेट्रिक्स सर्व्हर चालू करा (पोर्ट ८००८), प्रोमेथियसने ते आकडे गोळा करा, ग्राफानात त्यांचे आलेख पाहा. तयार डॅशबोर्डवर आलेख ढीगभर असतात. मी रोज तीनच पाहतो: टॉपिकनिहाय मेश, आत येणाऱ्या जोडण्या आणि मिनिटाला आलेले संदेश. मेश काही मिनिटं सलग ४ च्या खाली राहिली तर मला सूचना येते.

आणि आलेखांपेक्षाही माझा भरवसा एका छोट्या स्क्रिप्टवर आहे. वेगळ्या इंटरनेट जोडणीवरच्या दुसऱ्या नोडवरून दर पाच मिनिटांनी क्रमांक आणि वेळ घातलेला एक संदेश मी माझ्या वेगळ्या कंटेंट टॉपिकवर (ॲपने संदेशांना दिलेल्या लेबलवर) सोडतो. इकडे तो पोचला का आणि किती उशिरा, ते नोंदवतो. क्रमांक गळाला की कळतं. दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळलेली हवीत. सार्वजनिक जाळ्यावर घड्याळ बरोबर असणं आणखी महत्त्वाचं, कारण तिथला आरएलएन (स्पॅम रोखणारी व्यवस्था) ठरावीक कालखंडात किती संदेश पाठवता येतील यावर मर्यादा घालतो आणि भलत्याच कालखंडाचा संदेश इतर नोड टाकून देतात. तुमची चाचणीसुद्धा त्याच मर्यादेत मोजली जाते.

आज आधी मेशचा आकडा पाहा. तो शून्य निघाला तर शार्ड आणि शून्य नसेल तर जाहीर झालेला पत्ता, या क्रमाने जा. डीबग लॉग (सविस्तर नोंदी) त्यासाठी जरूर चालू करा, पण काम झालं की बंद करा. त्यात इतरांचे आयपी साठत जातात आणि ते आपल्याकडे राहू नयेत.